बंद म्हटल्यानंतरची दोन मिनिटं

तक्रारीचं पत्र तिच्या टेबलावर आलं ते खरं तर चुकून. पाकिटावर ‘रेडिओ खात्याचे प्रमुख यांस’ असं लिहिलं होतं. रेडिओ खातं नावाचं काही त्या संस्थेत नव्हतंच, तेव्हा टपालवाल्याने ज्या खोलीत सगळ्यात जास्त वायरी दिसल्या तिथे ते पाकीट ठेवलं आणि तो चालता झाला. ती खोली रडारची होती. तिथे एकोणीस वर्षं बसणाऱ्या बाईला सगळी संस्था रडारबाई म्हणायची. खरं नाव हजेरीपटावर होतं तेवढंच.

पत्र गावातल्या एका घड्याळजींचं होतं. ‘मी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतो,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘वेळ लावायला मी रेडिओवरचे वेळेचे ठोके ऐकतो. पण आठवड्यातून दोनदा, भर दुपारी, आपल्या संस्थेचा कुठला तरी ट्रान्समीटर माझ्या ठोक्यांच्या उरावर येऊन बसतो. तो बंद करा असं मी म्हणत नाही, सरकारी काम असेल. निदान वेळापत्रक कळवा, म्हणजे तेवढ्या वेळात मी जेवून घेत जाईन. गेल्या चार महिन्यांच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत.’

तिला हसू आलं. पलीकडे बसणाऱ्या चष्मेवाल्याला तिने पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. हा तिचा सहकारी, रडारच्या आकड्यांचा हिशेब बघायचा आणि दर महिन्याला एक चष्मा हरवायचा. तो म्हणाला, “सेकंदापर्यंत नोंदी? या माणसाला आपल्याकडे घ्या. मला घरी पाठवा.”

घड्याळजी ज्याच्यावर वैतागले होते तो ट्रान्समीटर म्हणजे ‘भट्टी’. पंचेचाळीस किलोमीटरवर माळरानावर अँटेनांचे खांब उभे होते आणि मधोमध एक बसकी इमारत. जमिनीपासून अडीचशे किलोमीटर उंचीवर आयनांबर म्हणून हवेचा एक विरळ थर असतो, सुटे इलेक्ट्रॉन बाळगणारा. भट्टी खालून त्या थरावर रेडिओलहरींचा झोत सोडायची. झोत पडला की तिथले इलेक्ट्रॉन तापायचे, आणि तापलेल्या भागात पृथ्वीच्या चुंबकरेषांच्या दिशेने लांबच लांब धागे उमटायचे. डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण रडारला दिसतात. रडारची लहर त्या धाग्यांवर आपटून विखुरते आणि तिचा थोडासा भाग परत येतो. फक्त बघायचं धाग्यांशी काटकोन करून. म्हणून भट्टी तिकडे आणि रडार इकडे.

भट्टी चालवायचे तिचे भावजी, थोरल्या बहिणीचे यजमान. त्या दोन ठिकाणांमधला दुवा म्हणजे एक टेलिफोन. प्रयोगाच्या दिवशी भावजींचा आवाज यायचा, “काय मेहुणीबाई, आकाश तापवायला घेऊ का?” ती म्हणायची, “घ्या.” मग मोजणी, मग “चालू.” दहा मिनिटांनी पुन्हा, “तीन, दोन, एक, बंद.” ती घड्याळ बघून वेळ लिहायची आणि भावजी तिकडे नोंदवहीत तीच वेळ लिहायचे.

या ‘बंद’वर तिची सगळी कीर्ती उभी होती. झोत थांबला की धागे विरतात हे जगभर सगळ्यांना माहीत होतं. दहा सेकंद, वीस सेकंद, की संपलं. पण आठ वर्षांपूर्वी तिच्या पडद्यावर वेगळंच दिसलं. भावजी ‘बंद’ म्हणाले, आणि परतीची लहर येतच राहिली. दोन मिनिटं, कधी थोडी जास्त. तिने तो प्रयोग वर्षभर पुन्हा पुन्हा केला आणि मग निबंध लिहिला. दूरदूरहून पत्रं आली. संस्थेला टाळं लागायची बोलणी चालली होती ती मागे पडली. इतर देशांत ज्यांनी ज्यांनी करून पाहिलं त्यांना काही ते दिसलं नाही, पण लोक म्हणाले, इथलं आयनांबरच निराळं असेल. एका परिषदेत एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने उठून विचारलं होतं, “तुमची भट्टी खरंच बंद असते ना?” तेव्हा ती माइकवर म्हणाली होती, “तिथे माझे भावजी बसतात. ते बंद म्हणाले म्हणजे बंद.” सभागृह हसलं होतं. तीही हसली होती.

तरी तिथून परतल्यावर तिने रीतसर पत्र लिहून भावजींकडे मागणी केली, की झोताच्या ताकदीचा आलेख कागदावर काढणारं यंत्र बसवा. भावजींनी पंधरवड्यात कळवलं, बसवलं. तेव्हापासून दर महिन्याला आलेखांच्या गुंडाळ्या यायच्या, प्रत्येकीवर भावजींची सही. रेघ सरळ वर चढलेली, दहा मिनिटं आडवी, आणि मग कड्यावरून उडी टाकावी तशी थेट शून्यावर.

घड्याळजींच्या नोंदी तिने सहज म्हणून चाळायला घेतल्या. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, ‘दुपारी दोन वीसला सुरू. दोन तीसला सुई उतरू लागली. दोन बत्तीस आणि दहा सेकंदांनी पूर्ण शांत.’ तिने आपली वही काढली. त्या तारखेला बंद, दोन तीस.

दुसरी ओळ. तिसरी. सगळ्या मिळून चौतीस ओळी होत्या. सुरू होण्याची वेळ दर वेळी जुळत होती. शांत होण्याची एकदाही नाही.

“म्हाताऱ्याचा रेडिओ जुना असेल,” चष्मेवाला म्हणाला. “आवाज आत घुमत राहत असेल.”

“दोन मिनिटं?”

त्याने नोंदींचा कागद स्वतःकडे ओढला. त्यांच्या रडारला स्वतःला भट्टी कधीच ऐकू येत नसे. भट्टीचा गोंगाट आत शिरू नये म्हणून तिनेच हौसेने गाळण्या बसवून घेतल्या होत्या.

त्या संध्याकाळी घरी तिने आईच्या डोळ्यांत औषध घातलं आणि आईच्या प्रश्नांना हं, हं करत राहिली. आई तिच्याचकडे असायची. “कुठे आहे तुझं लक्ष, चिमे?” आईने विचारलं. ती म्हणाली, “आकाशात,” आणि आई म्हणाली, “म्हणजे रोजच्याच जागी.”

पुढच्या प्रयोगाच्या दिवशी तिने रडार चष्मेवाल्यावर सोपवलं आणि ती घड्याळजींच्या दुकानात जाऊन बसली. दुकान कसलं, दोन भिंतींच्या मधली फट होती. आत एक माणूस, एक स्टूल आणि शंभरेक घड्याळं, आणि आश्चर्य म्हणजे सगळी एकच वेळ दाखवणारी. घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं.

“तक्रार केल्यावर कुणी घरी येतं हे मी पहिल्यांदाच बघतोय,” ते म्हणाले. “बसा. स्टुलाचा डावा पाय लटका आहे, त्याच्यावर विश्वास ठेवू नका.”

फळीवर जुना, जड रेडिओ होता, त्याला ताकद दाखवणारी सुई. ठोके येत होते, टक, टक, दूर कुठल्या तरी देशातून. दोन वीसला तिचा फोन वाजला. भावजींना तिने सांगितलं होतं की आज मोबाइलवर बोला, खोलीतला फोन बिघडलाय. हे सांगताना तिलाच अपराधी वाटलं होतं.

“काय मेहुणीबाई, घेऊ का तापवायला?”

“घ्या, भावजी.”

“तीन, दोन, एक, चालू.”

त्याच क्षणी सुई उजवीकडे आपटली आणि ठोके एका जाड गुणगुणाटाखाली गाडले गेले. “आला बघा पाहुणा,” घड्याळजी म्हणाले आणि डबा उघडून जेवायला बसले. ती दहा मिनिटं सुईकडे बघत राहिली. तिला अजून आशा होती. दोन तीसला पुन्हा फोन वाजला.

“तीन, दोन, एक, बंद. झालं बघ.”

गुणगुणाट चालूच होता. एका कानाशी भावजींचा आवाज होता, रोजचा, मायेचा, आणि दुसऱ्या कानात भट्टी. सुई जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखी थांबत थांबत खाली येत होती.

“बंद झाली, भावजी?” तिने विचारलं.

“मग, सांगितलं ना. शून्य. मिळतायत का परतीच्या लहरी?”

“मिळतायत.”

“छान. ताई म्हणतेय, रविवारी आईला घेऊन ये.”

“बघते,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. दोन बत्तीस होऊन गेल्यावर गुणगुणाट संपला आणि ठोके पुन्हा वर आले. घड्याळजींनी डबा बंद केला. ते तिच्याकडे बघत होते. “बाई, पाणी देऊ का?” त्यांनी विचारलं. पाणी पिऊन तिने वहीत दोन्ही वेळा लिहिल्या.

चष्मेवाल्याला तिने सगळं सांगितलं. त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, “गाडी ढकलून सुरू करताना चार माणसं लागतात. एकदा चालायला लागली की एकाच्या हातानेही चालते. धाग्यांचंही तसंच आहे, हे तर पुस्तकात आहे. उमटवायला जोर लागतो. उमटल्यावर थोडक्या ताकदीवर तगून राहतात. ते ताकद हळूहळू उतरवत असतील तर दोन मिनिटं दिसणारच.” थोडं थांबून तो म्हणाला, “म्हणजे आपल्याला नवीन काही सापडलंच नव्हतं.”

“नाही,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती भट्टीवर गेली. भावजी ट्रान्समीटरच्या खोलीत कपाटाची मागची दारं उघडून काही तरी पुसत होते. तिला बघून त्यांचा चेहरा उजळला. “अरे वा, न सांगता स्वारी? ताईला सांगतो, चहा टाक म्हणून.”

“नको. भावजी, काल दोन तीसला भट्टी बंद झाली नव्हती.”

“कोण म्हणतं?”

“मी ऐकली. रेडिओवर. तुम्ही फोनवर शून्य म्हणत होतात तेव्हा मी भट्टी ऐकत होते.”

भावजींनी फडक्याची घडी घातली. मग आणखी एक घातली. ते खुर्चीत बसले आणि एकदम दहा वर्षांनी मोठे दिसायला लागले.

“हे बघ,” शेवटी ते म्हणाले, आणि त्यांनी कपाटातले मोठे व्हॉल्व्ह दाखवले, काचेचे आणि तांब्याचे, लहान बाळाएवढे. “आठ वर्षांपूर्वी असे दोन तडकले. झटक्यात बंद केलं की गरम काचेला ते सोसत नाही. नवीन मिळेनात, ज्या कारखान्यात व्हायचे तो कारखानाच उरला नाही. तेव्हा मी हळूहळू उतरवायला लागलो. दोन मिनिटांत. मला वाटलं, उतरवायला लागलो म्हणजे बंदच की. तुला त्याने फरक पडेल हे कुठे ठाऊक होतं मला?”

“आणि ठाऊक झाल्यावर?”

“तोवर तुझा निबंध छापून आला होता.”

“मी आलेखाचं यंत्र मागितलं. तुम्ही आलेख पाठवलेत. बहात्तर गुंडाळ्या, भावजी. रेघ शून्यावर कशी यायची?”

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. “यंत्र बंद करायचो. बंद केलं की काटा आपोआप शून्यावर येतो.”

हे मात्र तिला अपेक्षित नव्हतं. हळूहळू उतरवणं तिने समजून घेतलं असतं. नोंद चुकीची लिहिणंही कदाचित. पण दर आठवड्याला दोनदा हात पुढे करून ते बटण दाबणं, कागद फाडणं, त्यावर सही करणं, गुंडाळी करून मेहुणीला पाठवणं, हे विसरभोळेपणाने होत नाही. परिषदेत माइकवर ती काय बोलली होती ते तिला आठवलं आणि कानशिलं गरम झाली. ज्याच्या भरवशावर ती जगाशी भांडली त्यानेच केसाने गळा कापला होता.

“मला निबंध मागे घ्यायचाय,” ती म्हणाली. “तुम्ही एक निवेदन लिहून द्या, काय झालं ते. आपण दोघं सही करू.”

“आठ दिवस दे. एवढंच मागतो. मला चार महिने राहिलेत निवृत्तीला.” मग हळूच म्हणाले, “ताईशी बोल. मी तेव्हाच सांगणार होतो तुला. ती म्हणाली, नको.”

भट्टीच्या मागेच कर्मचाऱ्यांची घरं होती. ताई गॅलरीत वाळलेल्या चादरींच्या घड्या करत होती. धाकट्या बहिणीचा चेहरा बघून तिने विचारलं नाही काय झालं. म्हणजे तिला कळलं होतं.

“तुला माहीत होतं,” ती म्हणाली.

“चादरीचं ते टोक धर,” ताई म्हणाली. लहानपणापासूनची सवय, तिने धरलं. दोघींनी चादर ताणली, जवळ आल्या, घडी दुमडली.

“किती वर्षं, ताई?”

“पहिल्यापासून. हे घरी येऊन म्हणाले, असं असं झालंय. मी म्हटलं, गप्प बसा. चिमे, तुला आठवतं का ते वर्ष? तुझा नवरा निघून गेला होता. तू जेवत नव्हतीस, केस विंचरत नव्हतीस, आई रोज फोनवर रडायची. आणि एक दिवस तू आलीस, इथेच, या गॅलरीत, आणि म्हणालीस, ताई, मला काही तरी सापडलंय. हसत होतीस. मी कुठल्या तोंडाने सांगू, की ते तसं नाहीये?”

“त्याच तोंडाने.”

“मला वाटलं, कुठे तरी वर आकाशातलं, कोण मोजायला बसलंय.”

“मी बसलेय मोजायला,” ती म्हणाली. “तेच माझं काम आहे. एकोणीस वर्षं दुसरं काय करते मी?”

ताईने पुढची चादर उचलली, पण या वेळी तिने टोक धरलं नाही. ताईने एकटीनेच कशीबशी घडी घातली. “आठ दिवस दे ह्यांना,” ताई म्हणाली. “आम्ही सगळं नीट करतो.”

तिने आठ दिवस दिले. त्या आठ दिवसांत तिला रागही येत होता आणि रागाचीच लाजही वाटत होती. ताईने तिला लहानाचं मोठं केलं होतं. आई कामाला जायची तेव्हा वेणी घालणारी, पाटीवर अक्षरं गिरवून घेणारी ताईच होती. चुकीचं असलं तरी तिने ते मायेपोटी केलं, असं ती स्वतःला पुन्हा पुन्हा समजावत राहिली, आणि सातव्या दिवशी तर तिला ते जवळजवळ पटलं.

नवव्या दिवशी संचालकांनी बोलावलं. ते मोजकं बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी एक कागद पुढे सरकवला. भट्टीकडून आलेलं निवेदन होतं. त्यात लिहिलं होतं की व्हॉल्व्हच्या सुरक्षिततेसाठी ताकद टप्प्याटप्प्याने उतरवण्यात येत असे, आणि ‘ही बाब रडार विभागाच्या प्रमुखांना प्रथमपासून ज्ञात होती, किंबहुना त्यांच्याच तोंडी सूचनेनुसार नोंदवहीत व आलेखात वेळ त्याप्रमाणे दर्शविण्यात आली.’ खाली भावजींची सही होती.

तिने कागद दोनदा वाचला. पहिल्यांदा मजकूर वाचला. दुसऱ्यांदा अक्षर. मजकूर हाताने लिहिलेला होता, आणि भावजींना दोन ओळींचा रजेचा अर्जही लिहिता येत नसे हे सगळ्या घराला माहीत होतं. गोल, उजवीकडे झुकलेली, शाळेत बक्षीस मिळवलेली ती अक्षरं. ‘ज्ञात’मधला तो ज्ञ काढायला तिला त्याच हाताने शिकवलं होतं, तिचा हात हातात धरून.

“तुमचं काय म्हणणं आहे?” संचालकांनी विचारलं.

तिला ओरडावं असं वाटलं नाही. आठ दिवस कशासाठी मागितले होते ते आता कळलं होतं. तिला मायेची समजूत घालत बसवून तिकडे दोघं टेबलाशी बसून शब्द जुळवत होती. कदाचित ताईने कच्चा मसुदाही केला असेल. ताई नेहमी आधी कच्चं लिहायची.

“हे खोटं आहे,” ती म्हणाली. “मी कागद आणते.”

तिने आपल्या कपाटातून स्वतःच्या त्या जुन्या पत्राची प्रत आणली, आलेखाचं यंत्र मागणारी. भावजींचं उत्तर आणलं, ‘यंत्र बसवले आहे, ताकद तत्क्षणी शून्य होते याची खात्री असावी.’ बहात्तर गुंडाळ्या आणल्या. त्या मांडायला संचालकांचं टेबल पुरेना, काही जमिनीवर ठेवाव्या लागल्या. संचालक एकेक उलगडून सही बघत होते. विसाव्या गुंडाळीनंतर त्यांनी हात थांबवला.

“तुम्हाला माहीत असतं तर तुम्ही यंत्र मागितलं नसतं,” ते म्हणाले. “स्पष्ट आहे.” मग त्यांनी दार लोटून घेतलं. “एक सुचवू? भट्टीवर दुसरा माणूस नेमतो. निबंध जुना झालाय. मागे घ्यायची घाई कशाला? आपली नाचक्की आपणच का करायची? हळूहळू लोक विसरतात.”

तिने त्यांच्याकडे बघितलं. ज्या आवाजात ते बोलत होते तो आवाज तिला चांगला ओळखीचा झाला होता. अगदी असाच, समजुतीचा.

“निबंध छापणाऱ्यांना मी कालच पत्र पाठवलंय,” ती म्हणाली. हे खरं नव्हतं. ती तिथून उठली, खोलीत गेली आणि तासाभरात तिने ते खरं करून टाकलं. पत्र सहा ओळींचं होतं. भट्टी बंद होण्याच्या वेळा चुकीच्या होत्या, त्यामुळे निष्कर्ष टिकत नाही, जबाबदारी माझी, कारण मी त्या स्वतंत्रपणे तपासल्या नाहीत. भावजींचं नाव तिने घातलं नाही. चष्मेवाल्याने वाचून विचारलं, “जबाबदारी तुमची कशी?” ती म्हणाली, “परिषदेत तो म्हातारा उठून विचारत होता तेव्हा मी सगळ्यांना हसवलं.”

पुढे जे व्हायचं ते झालं. चौकशी बसली. भावजींनी आधी निवेदनातलंच ठाम सांगितलं, मग गुंडाळ्या समोर आल्यावर सांगितलेलं फिरवलं, मग तब्येतीचं कारण देऊन दोन तारखा चुकवल्या. शेवटचे तीन महिने त्यांना भट्टीवरून काढून सामानाच्या कोठारात बसवलं. निरोपाचा समारंभ झाला नाही. संस्थेत काहीजण तिच्याशी पूर्वीसारखेच बोलत, पण तिच्या पाठीमागे दोन तट पडले. घरचा माणूस होता, सांभाळून घ्यायला हवं होतं, असं एक तट म्हणे. दुसऱ्याचं म्हणणं, घरचा माणूस होता, म्हणजे हिला ठाऊक असणारच. दूरदेशीच्या त्या म्हाताऱ्या शास्त्रज्ञाचं मात्र पत्र आलं. त्याने एवढंच लिहिलं होतं, की चूक कळवणारं पत्र लिहायला निबंधापेक्षा जास्त वेळ लागतो हे मला माहीत आहे.

भट्टीवर नवी माणसं आली. व्हॉल्व्ह बदलून दुसऱ्या जातीचे बसवले, ते झटक्यात बंद होत. तिने रडारशेजारी एक रेडिओ ठेवला, घड्याळजींनीच तो निवडून दिला होता, आणि प्रयोग पुन्हा केला. सुई पडली आणि पडद्यावरची परतीची लहर अकरा सेकंदांत विरून गेली. पुन्हा केला. बारा सेकंद. जगात सगळीकडे दिसते तशीच. चष्मेवाला तिच्याकडे बघायचं टाळत होता. तिने आकडे लिहिले, खाली तारीख घातली. आठ वर्षं जी गोष्ट तिला सकाळी उठवायची ती कधी नव्हतीच, आणि हे लिहून काढायला अर्धं पान पुरलं.

ताई आली ती त्यानंतर महिन्याने. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, त्याआधी बघायला म्हणून. तिने दार उघडलं. ताई उंबऱ्यातच उभी राहिली. बरीच वाळली होती.

“आत ये,” ती म्हणाली. “आई झोपलीय. उठेल आता.”

दोघी स्वयंपाकघरात बसल्या. ताईने विचारलं, “ऑपरेशन कधी?” तिने वार सांगितला. कुणी कधी थांबायचं ते ठरलं. ताईने दवाखान्यात राहायचं, तिने घरी आल्यानंतरचं बघायचं, म्हणजे दोघींना एका खोलीत थांबायला नको. हे दोघींपैकी कुणीही तसं बोलून दाखवलं नाही.

मग ताई म्हणाली, “मी घाबरले होते, चिमे. ह्यांचं सगळं जाईल असं वाटलं. तू एकटी आहेस, हुशार आहेस, तू निभावून नेशील असं वाटलं.”

“म्हणून माझं नाव घातलंस.”

“हो.”

“आठ वर्षं गप्प राहिलीस ते मी समजले असते, ताई. खरंच समजत आले होते. पण तो कागद तू बसून लिहिलास. शब्द शोधून. ‘किंबहुना’ घातलंस त्यात.”

ताई टेबलावरच्या रेघेवरून बोट फिरवत राहिली. “तू कधी विसरशील?”

तिने खरोखर विचार केला. खोटा दिलासा द्यायची तिला इच्छा नव्हती आणि टोचून बोलायचीही उरली नव्हती. “माहीत नाही,” ती म्हणाली. “मोजून सांगता येईल असं काही नाही हे.”

आतून आईची हाक आली, “कोण आलंय गं?”

“ताई आलीय,” तिने सांगितलं. ताई उठली, पदराने डोळे टिपले आणि आईच्या खोलीत गेली. तिने दोघींसाठी चहा टाकला, कप ट्रेमध्ये ठेवले आणि ट्रे ताईच्या हातात देऊन ती कामावर निघून गेली. त्या दिवशी दुपारी प्रयोग होता.